उडीद चले, तूर चले

हणमंतमामांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात. वल्ली आणि वाळकी.

मामा आमच्या गावात घंटागाडी चालवतात. गाडीला मागे दोन कप्पे आहेत, एक ओल्या कचऱ्याचा आणि एक सुक्या. सरकारी भाषेतला 'ओला' आणि 'सुका' मामांच्या तोंडी 'वल्ला' आणि 'वाळका' होतो, आणि मग तो नुसता कचऱ्यापुरता राहत नाही. शाळेतले मोठे गुरुजी वाळके. त्यांची बायको वल्ली. किराणा दुकानदार शिवरुद्रअप्पांवर मामा कित्येक महिने अडले होते.

"भाईरून वाळका दिसतो, पर आत पानी हाय," ते मला म्हणाले होते. "नारळावानी. आता नारळ कोन्त्या डब्यात टाकायचा, ह्येच मला कळंना."

मला ही विभागणी पहिल्यापासून आवडायची. आमच्या गावात माणसं वेगळी करण्याच्या बाकीच्या ज्या पद्धती आहेत, त्या याहून फार वाईट आहेत.

एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, आणि मी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता.

"तुमी वाळक्या, ताई," ते म्हणाले. "कागदाच्या."

यात खोटं काही नव्हतं. माझ्या बाबांचा छोटा छापखाना आहे. मी वाढले ती पत्रकांत. अक्षरओळख झाली ती 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांपासून. शाळेच्या वह्यांना कव्हर मोर्चाच्या पत्रकाचं, जेवताना ताटाखाली सभेचं पत्रक. तिसरीत असताना ताप आला म्हणून मी रजेचा अर्ज लिहिला, तो 'बंधू-भगिनींनो' असा सुरू केला आणि शेवटी सवयीनं 'निषेध असो' लिहिलं. गुरुजींनी बाबांना बोलावून घेतलं. बाबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे."

आता मी स्वतः पत्रकं लिहिते. नळाला चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर लिहिलं, मुलींच्या शाळेच्या स्वच्छतागृहावर लिहिलं, वाचनालयाच्या कुलपावर लिहिलं. कुलूप उघडलं. पाणी अजून चार दिवसांआडच येतं. पण लिहिल्यानं काहीतरी हलतं, यावर माझा विश्वास आहे. हणमंतमामांच्या बाबतीतही हललंच. म्हणून तर हे लिहिते आहे.

मामांचा पोशाख म्हणजे खाकी शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गळ्यात लाल मफलर. मफलर ऑक्टोबरच्या उन्हातही असायचा. आमच्याकडचा ऑक्टोबर म्हणजे कावळासुद्धा सावली सोडत नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गळा जपावा लागतो. गान्याचं काम हाय."

गाण्याचं काम खरंच होतं. घंटागाडीला भोंगा असतो आणि त्यावर 'कचरा वेगवेगळा द्या' असं सांगणारी ध्वनिफीत वाजवायची असते. मामा ती एकदा, गल्लीच्या तोंडाशी वाजवायचे. "सरकारचं झालं," म्हणायचे. मग खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढायचे. त्यात फक्त कार्टून सिनेमांची गाणी होती. परदेशी सिनेमे, हिंदीत केलेले. त्यातला एकही सिनेमा मामांनी पाहिलेला नव्हता. गाणी ते प्राण्यांवरून ओळखायचे.

"आज कोन्तं लावू? उंदराचं का कोट घातलेल्या कोंबडीचं?"

कोट घातलेली कोंबडी म्हणजे पेंग्विन.

"बगळ्याचं! बगळ्याचं!" गल्लीतली पोरं ओरडायची. एकेकाच्या हातात दोन-दोन बादल्या. मामांचा कायदा कडक होता. ओल्यात सुकं सापडलं, की गाणं बंद.

"वल्ल्यात कुरकुऱ्याची पुडी घातलीय कुनी? खामखा गानं थांबवाया लावू नका. काढा पयले."

आणि पोरं स्वतः हात घालून पुडी काढायची. काढली की गाणं पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गल्लीइतका नीट वेगळा केलेला कचरा अख्ख्या गावात नव्हता. गाडीच्या मागे उभ्या राहून बादल्या घेणाऱ्या गयाबाई म्हणायच्या, "ह्या गल्लीचा कचरा म्हंजे देवाचा परसाद. हात लावायाला वंगाळ वाटत न्हाई."

बगळ्याचं गाणं सगळ्यात शेवटी, आमच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली वाजायचं. इथे गाडी रोज दोन मिनिटं जास्त थांबायची. पावणेआठची वेळ. मामा खाली उतरायचे, खिशातून फोन काढायचे, हात उंच करून तो भोंग्याजवळ धरायचे आणि तसेच उभे राहायचे, झेंडा धरल्यासारखे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रेंज बगून राहिलो." रोज पावणेआठला, त्याच लिंबाखाली माणूस रेंज बघतो, याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला मोठं तेवढंच दिसतं.

मला ऐकू येत होते ते फक्त शब्द. पंधरा-वीस पोरं, गयाबाई आणि मामा, सगळे गळा काढून गायचे:

"उडीद चले हम, तूर चले हम,
मूग के ना देखेंगे हम,
हरभरा रे हमारा!"

'हरभरा' आला की पोरं बादल्या वाजवायची.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावर आठी आली. शेवटी एक दिवस मी मामांना गाठलं.

"मामा, या गाण्याचा अर्थ काय?"

"आता बगा," मामा चष्मा वर करून म्हणाले. विषय त्यांच्या आवडीचा होता. "ह्यो जो बगळा हाय, त्यो हाय शेतकरी. त्यानं उडीद घेतलाय, तूर घेतलीय, आन् मोंढ्याला निघालाय. बाजाराला."

"बगळा?"

"शिनेमाय, ताई. तिथं उंदीर भाकऱ्या भाजतो."

"आणि 'मूग के ना देखेंगे'?"

"मुगाकडं बगायचंच न्हाई म्हन्तो. ऐन काढनीला पाऊस लागला असंल. काळा पडलेला मूग कोन बगतंय? ऱ्हायला हरभरा. त्यो आपला. त्याला मरन न्हाई."

मी हसू दाबलं. इतका पक्का अर्थ लावणारा समीक्षक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पण मी चिडलेही होते. मामांवर नाही, एकूण कारभारावर. परदेशातलं गाणं, हिंदीत केलेलं, ते भोंग्यातून फाटून आलेलं आणि आमच्या मराठी पोरांच्या तोंडी त्याचा झालेला भुगा! मुलांना अर्थ न कळता काही म्हणायला लावणं म्हणजे त्यांना पोपट करणं. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. मला ते आजही खरं वाटतं. अडचण तीच आहे.

"मामा, त्यात तूर नाही हो," मी म्हटलं.

"मंग काय हाय?"

"शोधून सांगते."

"सांगा की," मामा म्हणाले. "तुमी शिकलेल्या."

मी शोधलं. गाणं फोनवर मिळालं. कानात इअरफोन घालून सात-आठ वेळा ऐकलं, शब्द उतरवून घेतले. आणि पत्रक लिहायला बसले. मथळा: 'मुलांच्या तोंडी अर्थ द्या!' खाली दोन रकाने. डावीकडे 'गल्लीत गातात ते', उजवीकडे 'खरे शब्द', आणि सगळ्यात खाली मराठी अर्थ. मग आपल्या भाषेत मुलांसाठी चांगली गाणी का हवीत, यावर चार परिच्छेद. चारही परिच्छेद चांगले होते.

बाबांच्या जुन्या ट्रेडल मशीनवर ते छापलं. एक गोची झाली. आमच्या छपाईच्या खिळ्यांमध्ये हिंदीतला नुक्त्याचा, खाली टिंब असलेला 'ड' नाही. बाबा म्हणाले, "राहू दे. कोण बघतंय?" मी म्हटलं, "बाबा, शुद्धतेवरचं पत्रक आहे." आणि संध्याकाळभर बसून दोनशे पत्रकांवर पेनानं नुक्ते दिले. एका पत्रकावर दोन, 'उड़' आणि 'मुड़'. चारशे नुक्ते. एकही सुटू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला लिंबाखाली गेले. गाणं संपत आलं होतं. 'हरभरा'वर बादल्या वाजत होत्या. मामांचा एक हात वर होता, त्यात फोन. मी दुसऱ्या हातात पत्रक दिलं.

मामा बोट लावून वाचतात. डावा रकाना वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गया, ये गया! आपलं गानं छापलं! उडीद चले हम... बराबर हाय. तूर बी हाय!"

"मामा, उजवीकडचं वाचा."

त्यांनी बोट सरकवलं. "उड़ चले हम. दूर चले हम. मुड़ के ना देखेंगे हम. हर सवेरा हमारा." ते थांबले. "म्हंजे?"

"खाली अर्थ दिलाय."

त्यांचं बोट खाली आलं. "आम्ही उडून चाललो. आम्ही दूर चाललो." ओठ हलत होते, आवाज लहान होत होता. "मागे वळून पाहनार नाही आम्ही. प्रत्येक सकाळ आमची."

पोरं रिकाम्या बादल्या धरून बघत होती.

"ह्ये असं हाय?" मामांनी विचारलं.

"हो मामा. मोंढा वगैरे काही नाही."

"कोन पाहनार न्हाई मागं?"

"ते पिल्लू. बगळ्याचं पिल्लू मोठं होतं, पंख फुटतात आणि ते तळं सोडून जातं."

"आन् मागं ऱ्हातंय ते?"

"कोण?"

"मागं कुनीतरी ऱ्हातच असंल की, ताई. पिल्लू हाय म्हंजे कुनीतरी संबाळलं असंल त्याला."

"ते नंतर सिनेमात नाहीत," मी म्हटलं. उत्साहानं म्हटलं. प्रश्नाचं बरोबर उत्तर देता आलं की मला अजूनही शाळेतल्यासारखा आनंद होतो.

मामांचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला. त्यांनी फोनकडे पाहिलं, बोटानं तो बंद केला आणि खिशात घातला. मला वाटलं, पत्रकाचा परिणाम झाला.

झाला होता. दुसऱ्या दिवसापासून घंटागाडीवर फक्त 'कचरा वेगवेगळा द्या' वाजायला लागलं. गल्लीच्या तोंडापासून लिंबापर्यंत, तेच. पोरांनी पहिल्या दिवशी दंगा केला. "मामा, बगळ्याचं! मामा, उंदराचं!" मामा म्हणाले, "पेनड्राइव्ह खराब झालाय."

शेजारची सानिका दुसरीत आहे. ती कमरेवर हात ठेवून माझ्या दारात आली. "दीदी, तू का सांगितलंस त्यांना? आम्हाला माहीत होते खरे शब्द."

"माहीत होते? मग चुकीचं का गात होता?"

"खऱ्या गाण्यात हरभरा नाहीये ना!" माझ्या बुद्धीची कीव केल्यासारखं म्हणाली आणि निघून गेली.

आठवडाभरात पोरं बाहेर येईनाशी झाली. मोठी माणसं बादली आणायची, एकाच बादलीत सगळं. काहींना गाडी येऊन गेलेली कळायचीच नाही. मग पिशव्या विजेच्या खांबाखाली पडायला लागल्या. मी मनात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा जुळवला होता: 'नागरिकहो, शिस्त कुठे गेली?'

ते पत्रक मी लिहिलं नाही, ते गयाबाईंमुळे. एके सकाळी माझी बादली हातात घेऊन त्यांनी आत पाहिलं. ओल्यात सुकं. चहाच्या चोथ्यावर माझंच पत्रक.

"ताई, तुमी बी?" त्या म्हणाल्या. मामा गाडीत होते, काच वर. गयाबाईंनी आवाज बारीक केला. "येक सांगू का? तुमी लई शिकलाव. पर तुमी काय केलाव, ते तुमाला ठाव न्हाई."

"काय केलं मी?"

"त्यो फोन कुनाला लावत व्हता, ठाव हाय का?"

"रेंज..."

"रेंज न्हाई अन् काय न्हाई. हैद्राबादला लावत व्हता. नातीला."

मग गाडीच्या मागे उभं राहून, पत्रकावरचा चोथा झटकत, गयाबाईंनी सांगितलं. पारू म्हणजे मामांच्या लेकीची मुलगी. लेक-जावई कामाला हैदराबादला. पोरगी वर्षाची असताना मामांकडे ठेवली. मामी तेव्हा होत्या, पुढच्या वर्षी गेल्या. मग मामांनीच वाढवली. वेण्या घालायला ते गयाबाईंकडून शिकले. सकाळी घरी कुणी नाही म्हणून पारू गाडीतच, मामांच्या शेजारच्या सीटवर. तिथे बसलेली पोरगी मीही पाहिली होती; कुणाची, हे कधी विचारलं नव्हतं. लाल मफलर तिचा होता. थंडीत तिच्या कानाला बांधायचा. पेनड्राइव्हमधली गाणी तिच्यासाठी भरून घेतलेली. बगळ्याचं तिच्या सगळ्यात आवडीचं. मामा चुकीचं गायचे आणि ती सीटवर लोळून हसायची. दुरुस्त मात्र कधी केलं नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेसाठी आईबाप तिला घेऊन गेले. न्यायलाच हवं होतं, मामाही तेच म्हणाले. पण सहा वर्षांचं पोर फोनवर काय बोलणार? पहिले काही दिवस 'जेवलाव का आजोबा' चाललं. मग तिच्या बोलण्यात हिंदी आली, तेलुगू आली. मामा इकडून विचारायचे एक, ती सांगायची दुसरं, आणि दोघं गप्प.

"मंग ह्यानं ह्ये काढलं," गयाबाई म्हणाल्या. "पावनेआठला तिची शाळंची गाडी येती. ती तिकडं आईचा फोन घिऊन रस्त्यावर उबी ऱ्हायची, ह्यो हितं. बोलायचं न्हाई. हिकडून पोरं गायची, तिकडून ती. हरभऱ्याला लई जोरात वरडायची. ह्याला ऐकू यायची. तेवडंच."

"मग आता?"

"आता लावीत न्हाई फोन. मी म्हन्लं, असं करू नगं, पोरगी वाट बगत असंल. तर मला म्हनला..." गयाबाईंनी गाडीच्या काचेकडे पाहिलं. "म्हनला, पोरगी सहा म्हैने मला सांगून राहिली, दूर चाल्ले, मागं बगनार न्हाई. आन् मी येडा, हरभरा हरभरा म्हनून राहिलो."

गाडीचा हॉर्न वाजला. गयाबाईंनी बादली परत दिली. पत्रक त्यांनी सुक्या कप्प्यात टाकलं होतं.

मी मामांच्या खिडकीशी गेले. काच खाली आली.

"मामा, ते फक्त गाणं आहे," मी म्हटलं. "लहान मुलं अर्थ मनात धरून गात नाहीत. चाल आवडते, म्हणून गातात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं, तर मला उत्तर देता आलं असतं. मी रागावर वाढले आहे.

"तुमीच लिव्हलाव की, ताई," ते म्हणाले. "अर्थाबिगर गाऊ नये म्हनून. मी सगळं वाचलो. चार दिस लागले, पर वाचलो."

माझी पत्रकं गावात अनेकांनी हातात घेतली आहेत. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला होता.

मी घरी आले आणि मला जे एकच काम येतं, ते केलं. शुद्धिपत्रक लिहिलं. 'मागील पत्रकात उजव्या रकान्यातील शब्द खरे म्हणून छापले गेले. या गल्लीपुरते ते खरे नाहीत. तरी वाचकांनी "दूर" च्या जागी "तूर" व "उड़" च्या जागी "उडीद" असे वाचावे. मूग व हरभरा पूर्ववत. चुकीबद्दल लेखिका दिलगीर आहे.'

बाबांनी कागद वाचला. मशीन सुरू करताना एवढंच म्हणाले, "पोरी, लोक चूक वाचतात. शुद्धिपत्रक कुणी वाचत नाही."

मी गल्लीत घरोघर वाटलं. सानिकानं वाचलं, "बरं," म्हणाली. पोरांच्या तोंडी तोवर नवीन गाणं आलं होतं, कुठल्याशा अस्वलाचं. ते त्यांनी टीव्हीवरून घेतलं होतं. शब्द अगदी बरोबर म्हणत होती.

मामांना मी लिंबाखाली दिलं. त्यांनी बोट लावून वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. 'मूग व हरभरा पूर्ववत' ला त्यांचं बोट थोडं थांबलं. कागद घेऊन ते मागच्या कप्प्यांकडे वळतील, असं मला वाटलं. त्यांनी तो दोन बोटांत धरून उन्हाकडे केला. बोटाला शाई लागली होती.

"वल्ला हाय अजून," ते म्हणाले.

आणि स्टिअरिंगच्या पुढे, काचेखाली, उन्हात वाळत घातला.

मी ती गोष्ट माफी म्हणून घेतली. माणूस आपल्या सोयीचा अर्थ लावतो. मामांनी बगळ्याला मोंढ्यावर पाठवलं, मी याला माफी म्हटलं. रोज सकाळी वाट बघायला लागले, की आज पेनड्राइव्ह निघेल, आज हात वर जाईल. गाडी अजूनही लिंबाखाली दोन मिनिटं थांबते. सवय असावी. मामा उतरत नाहीत. समोर बघत बसतात. शेजारची सीट रिकामी असते. फोन सीटवर पडलेला असतो, उताणा.

परवा त्या दोन मिनिटांत मला राहवलं नाही. बादली हातात तशीच धरून मी गायला लागले. माझा आवाज घोषणांचा आहे, त्यात गाणं बसत नाही. तरी गायले. भर रस्त्यात, एकटीनं.

"उडीद चले हम, तूर चले हम..."

गयाबाईंनी तोंडाला पदर लावला. दोन दारं किलकिली झाली. पुढची ओळ घ्यायला कुणी आलं नाही. काचेखाली माझं शुद्धिपत्रक होतं. उन्हानं पिवळं पडलेलं, कडा वळलेल्या. पूर्ण वाळलेलं.

मामांनी काच खाली केली.

"दूर," ते म्हणाले.

"काय मामा?"

"तूर न्हाई, ताई. दूर. दूर हाय ते."

जसं मी त्यांना सांगितलं होतं, तितक्याच समजुतीनं त्यांनी मला सांगितलं. मग गिअर टाकला आणि गाडी आहिस्ता पुढच्या गल्लीत गेली. माझी बादली द्यायची राहून गेली होती.